सोलापुरातला घरचा फिश टँक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरचा फिश टँक बराच बदलला. लोखंडी अँगलची चौकट गेली, वाळूखालची प्लेट बहुतेक ठिकाणी गेली, ट्यूबलाइटच्या जागी एलईडी आली. पण मासे घरी आणल्यावर पडणारे प्रश्न तेच राहिले, आणि त्यांची जुनी उत्तरंही अजून तोंडोतोंडी फिरतात. म्हणून खाली दोन्ही दिलं आहे: पूर्वी काय करत आणि आता ते का बदललं. उदाहरणाला सगळीकडे २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकी धरली आहे. हिशेबाने ती ५६ लिटरची, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपासच मावतं. औषधाचा डोस ४५ लिटरवर काढायचा.

पूर्वी दर महिन्याला टाकी रिकामी करून स्वच्छ धुवायचे. आता का नको म्हणतात?

कारण मासे त्या धुण्यानेच मरायचे. रविवारी सकाळी मासे बादलीत काढायचे, वाळू चाळणीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत नळाखाली खळखळायची, काच साबणाने घासायची, ताजं पाणी भरायचं आणि वर निळ्या औषधाचे चार थेंब. टाकी लख्ख दिसायची. मग पुढच्या आठ-दहा दिवसांत एकेक मासा वर येऊन तोंड उघडमीट करू लागायचा, आणि खापर फुटायचं दुकानदारावर किंवा नजर लावणाऱ्यावर.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी आहेत. नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत माशांना सोसतं. हे जिवाणू पाण्यात जेमतेमच असतात. ते वाळूच्या कणांवर, स्पंजवर, दगडांवर थर धरून राहतात. क्लोरिनच्या नळाखाली वाळू धुतली की तो थर मेला. निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, त्यांच्या मुळावरच येतं. थोडक्यात, दर महिन्याला टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर जायची.

आता आठवड्याला फक्त पाव पाणी बदलायचं. ४५ लिटरच्या टाकीत ते ११-१२ लिटर, म्हणजे एक बादली. सायफनचा नळा वाळूत खुपसून घाण ओढून घ्यायची. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता त्याच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा. तो पांढराशुभ्र व्हायला नको, तपकिरी राहिला तरच कामाचा. उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते खतासारखं लागू पडतं.

नवी टाकी भरली. मासे कधी सोडू?

"दोन दिवस पाणी मुरू द्या" हे जुनं उत्तर अर्धवट आहे. दोन दिवसांत क्लोरिन उडतो, जिवाणू तयार होत नाहीत. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या २८-३० अंशांच्या पाण्यात काम जरा लवकर उरकतं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या कुणाची तरी चालती, निरोगी टाकी शोधायची. त्यांच्या फिल्टरचा वापरातला स्पंज ओला ठेवूनच आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. तो मिळाला नाही तर टाकीत रोज चिमूटभर खाद्य कुजू द्यायचं, फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचा आणि टेस्ट किटने बघत राहायचं. आधी अमोनिया चढेल, तो उतरताना नायट्राइट चढेल. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागला की टाकी तयार. मग तीन-चार मासे सोडायचे, बाकीचे पंधरा दिवसांनी. एका दिवसात वीस मासे सोडले तर जिवाणूंना तेवढं पेलत नाही.

नळाला काही दिवसांआड पाणी येतं. हौदातलं पाणी चालेल का?

चालेल, किंबहुना नळातून थेट घेण्यापेक्षा तेच बरं. उघड्या हौदात किंवा बादलीत २४ तास राहिलेल्या पाण्यातला क्लोरिन बहुतेक उडून जातो. एअर स्टोन सोडला तर आणखी लवकर. झाकणबंद सिंटेक्समध्ये मात्र तो टिकून राहतो. टँकरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती पडली आहे याचा भरवसा नसतो, त्यामुळे तिथे हायपो वापरायचाच.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, पूर्वी फोटो स्टुडिओत लागायचे तेच. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवा. १० लिटरला १ मिलिलिटर पुरतं, १५ लिटरच्या बादलीला साधारण ३० थेंब. क्लोरिनचा उग्र वास येत असेल तर दुप्पट. काम मिनिटभरात होतं. तयार अँटी-क्लोरिनच्या बाटल्यांतही बऱ्याचदा हेच रसायन असतं.

एक खबरदारी: एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. पाणी बदलायचं तर पहाटे, किंवा आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवून.

आमच्याकडे फक्त बोअरचं पाणी आहे. त्यात मासे जगतील?

जगतील, मासे पाण्याला साजेसे निवडले तर. इथला खडक काळा पाषाण, त्यातलं पाणी जड. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, हजाराच्या पुढे जाणं नवलाचं नाही. अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल मजेत राहतात. मॉलीला तर जड पाणीच हवं. निऑन टेट्रा आणि डिस्कस मात्र त्यात कुढतात.

जड पाणी उतरवायचं तर आरओचं गोड पाणी मिसळा. बोअर १००० आणि आरओ ५० असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिळून टीडीएस साधारण २९० होतो. आरओच्या पाइपातून वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका. ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं, आणि ही चूक फार घरांत होते. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात क्षार नसल्याने पीएच एकाएकी कोसळतो.

जड पाण्याचा पीएच सहसा ८ च्या आसपास असतो, आणि तिथे अमोनिया जास्त घातक ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणून बोअरवाल्यांनी खाद्य आणि गर्दी दोन्ही कमीच ठेवावी.

उन्हाळ्यात मासे पटापट मरतात. काय करायचं?

सोलापुरात मासे पाळणाऱ्याची खरी परीक्षा हीच. बाहेर पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याच्या घरातली टाकी ३४-३५ अंशांना जाते. मासे निव्वळ उष्णतेने मरत नाहीत, त्यांचा श्वास कोंडतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना सातच. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते, आणि तळाशी कुजणारं खाद्यही ऑक्सिजन ओढत असतं. रात्री लाइट बंद झाल्यावर वनस्पतीही ऑक्सिजनच घेतात. म्हणून मेलेले मासे बहुधा पहाटे दिसतात.

पहिला उपाय फुकटचा आहे: टाकीचं झाकण काढा आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारा. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी २ ते ४ अंश खाली येतं. मुंबईच्या दमट हवेत हाच फॅन इतकं काम करत नाही. त्याच खोलीत वॉटर कूलर लावला तर हवा दमट होते आणि फॅनचा परिणाम घटतो, तेव्हा खिडकी उघडी राहू द्या. दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं, पण क्षार मागेच राहतात. ही तूट आरओच्या पाण्याने भरा, बोअरच्या नको. नाहीतर जूनपर्यंत टीडीएस दीडपट झालेला असतो. गौरामी, गप्पी उडी मारतात म्हणून वर मच्छरदाणीची जाळी ताणा.

बर्फ थेट टाकू नका. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली बंद झाकणानिशी तरंगत सोडा. ती पूर्ण वितळेपर्यंत ४५ लिटर पाणी साधारण सव्वा अंशाने उतरतं. तासाला दोन अंशांपेक्षा जास्त उतार नको. एअर पंप चोवीस तास चालू, खाद्य निम्मं, आणि नवे मासे या दिवसांत शक्यतो आणूच नका. आणायचेच तर संध्याकाळी, आणि पिशवी उन्हात उभ्या गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा. इथे तो वर्षानुवर्षं सर्रास विकला जातो, पण मे महिना काढणं त्याला सगळ्यात जड जातं.

मग हिवाळ्यात हीटर लागतो का?

डिसेंबर-जानेवारीत लागतो. रात्री पारा पंधराच्या आसपास आणि दुपारी तीस, हा चढउतारच माशांना बाधतो. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठतात ते बहुधा याच दिवसांत. लिटरला १ वॉट धरून ४५ लिटरला ५० वॉटचा हीटर घ्या आणि २६ वर लावा. काटा कितीही दाखवो, वेगळा थर्मामीटर हवाच. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट अडकला तर सकाळी मासे उकडलेले सापडतात. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटं हीटर बंद करा, तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते.

ठिपके दिसलेच तर तापमान हळूहळू ३० वर न्या, लिटरला २ ग्रॅम मीठ दोन दिवसांत थोडं थोडं करून घाला, हवा वाढवा आणि दहा-बारा दिवस थांबा. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी उपचार सोडला की ते परततात, कारण परजीवीची पुढची पिढी तळाशी तयार होत असते. घरातलं आयोडिनयुक्त मीठ चालतं, त्यातलं आयोडिन माशाला बाधण्याइतकं नसतं. झाडं आणि कोरीसारखे कॅटफिश असतील तर मीठ जपून.

लाइट गेली तर मासे किती वेळ तग धरतील?

गर्दी कमी असेल तर हिवाळ्यात पाच-सहा तास सहज. मे महिन्यात दाटीच्या टाकीत दोन तासांतच धापा सुरू होतात. लोडशेडिंगच्या काळात लोक मगाने पाणी काढून वरून धार सोडत बसायचे, आणि ते आजही बिनचूक काम करतं. आता यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो. तो वॉटभर वीज खातो, त्यामुळे दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर दिवसभर चालतो.

दोन गोष्टी विसरल्या जातात. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून बोर्डात. दहा-वीस रुपयांची ती गोळी बसवा किंवा पंप टाकीपेक्षा वर टांगा. दुसरं, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) चार-पाच तास बंद राहिला तर आतले जिवाणू गुदमरतात. लाइट आल्यावर तसाच सुरू केला की आतलं सडकं पाणी माशांच्या अंगावर. आधी ते ओतून टाका, मग चालू करा.

आमच्याकडे अजून अंडरग्रॅव्हल प्लेट आहे. काढून टाकू का?

चालत असेल तर घाई नको. वाळूतून पाणी ओढून वाळूलाच फिल्टर करायची ही कल्पना चुकीची नव्हती. दोष इतकाच की घाण प्लेटखाली साचते आणि तिथे हात पोचत नाही. शिवाय झाडं नीट मुळं धरत नाहीत.

बदलायचं ठरलं तर आधी स्पंज फिल्टर टाकीतच जोडीला चार-सहा आठवडे चालवा. मग मासे टाकीच्याच पाण्यात बादलीत काढून, प्लेट उचलून, खालचा गाळ सायफनने ओढून घ्या. मासे आत असताना प्लेट उचलू नका.

जुनी टाकी कोपऱ्यातून गळते. दुरुस्त होते का?

अँगलच्या चौकटीतल्या पुट्टीच्या टाक्या कोरड्या राहिल्या की पुट्टी तडकायची, आणि मग गळती थांबणं मुश्किल. सिलिकॉनच्या टाकीचं तसं नाही. टाकी वाळवा, आतल्या बाजूचं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा (नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही), काच नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा, अखंड पट्टी भरून ओल्या बोटाने दाबा. सिलिकॉन बुरशीरोधक नको, बाथरूमसाठी विकतात ते सहसा तेच असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे ४८ तास, हात लावू नका. मग अर्धी भरून दिवसभर बघा.

नवी करून घेणार असाल तर २ फुटीला ५ मिलिमीटर काच पुरते. ४ फूट लांब, दीड फूट रुंद-उंच टाकीला १० मिलिमीटर. तिच्यात २५० लिटर पाणी, म्हणजे काच-वाळूसह तीनशे किलोच्या वर. शोकेसच्या फळीवर ती ठेवता येणार नाही. खाली थर्माकोलचा पत्रा घाला, म्हणजे स्टँडचा एखादा उंचवटा काचेला टोचणार नाही.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा आहे.

आठ-एकच्या हिशेबावर आमचं काही म्हणणं नाही, पण नऊ गोल्डफिश २ फुटी टाकीत बसत नाहीत. एकेक १५ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि घाणही भरपूर करतो. त्यासाठी निदान ४ फुटी टाकी हवी. छोट्या टाकीत तोच हिशेब आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी मॉली घेऊन जमतो, आणि हे मासे इथल्या जड पाण्यात टिकतातही. काचेच्या गोल भांड्यात मात्र काहीच ठेवू नका.

खायला काय आणि किती?

पूर्वी चुरमुरे, कणकेच्या गोळ्या, कडक भाकरीचा चुरा असं घरातलं काहीही पडायचं. पिठूळ पदार्थ माशांना पचत नाहीत आणि पाणी दुधाळ करतात. नाल्यातून येणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे मासे तुटून पडून खातात, पण रोगही तेच आणतात. आता बारीक दाण्याचं खाद्य घ्या: दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, हा अंदाज ढोबळ असला तरी हात आवरायला पुरतो. आठवड्यातून एक दिवस उपास.

डासांसाठी हौदात सोडायला मिळालेले गप्पी मासे टाकीत ठेवले तर?

खुशाल ठेवा. फुकटच्या माशांत याहून काटक मासा नाही. आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून रोग दिसतो का ते पाहा. मादी दर चार आठवड्यांनी पिल्लं घालते, आणि एकदा फळली की नराविनाही काही महिने घालत राहते. दोनाचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. जास्त झाले तर दुसऱ्याच्या हौदात द्या, ओढ्या-तलावात सोडू नका.

झाडांची टाकी इथल्या पाण्यात जमते का?

ही आवड जगभर रुजवली ती जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. त्यांच्यामुळे टाकीतल्या प्लास्टिकच्या झाडांची आणि बुडबुडे सोडणाऱ्या खजिन्याच्या पेटीची सद्दी संपली. त्यांच्यासारखं हिरवंगार गवत हवं तर मऊ पाणी, जोरदार प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो. साखर-यीस्टची बाटली इथे मे महिन्यात आठवड्यात दम तोडते, कारण उष्णतेने यीस्ट सुसाट सुटतं.

सिलिंडरविना जावा फर्न, अनुबियास, वॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट लावा. वॅलिस्नेरिया जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेते, म्हणून बोअरच्या पाण्यात ती फोफावते. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरू नका, सडतं. दगडाला दोऱ्याने बांधा. लाइट सहा ते आठ तासच, टायमरवर. खिडकीचं ऊन टाकीवर आलं की शेवाळ धरलंच.

सकर मासा शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवतो ना?

लहान असताना थोडंफार. मग तो फूट-दीड फूट होतो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. काचेसाठी चार गोगलगायी आणि एक स्क्रबर बरा.

मोठा झालेला सकर संभाजी तलावात, सिद्धेश्वर तलावात किंवा कालव्यात सोडणं हा उपकार नव्हे. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो असाच पोचला आणि आता जाळी फाडतो, स्थानिक मासे हुसकावतो. उजनीतली चिलापीही मूळची आफ्रिकेची, आणि जलपर्णी देशात आली ती शोभेची म्हणूनच. नको असलेला मासा दुकानात परत द्या, बहुतेक दुकानदार घेतात.

अरवाना, कासव ठेवायला परवानगी लागते का?

देशी कासवं, चांदणी कासवासह, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. घरात ठेवणं गुन्हा आहे. आशियाई अरवाना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत असल्याने २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी करावी लागते. दुकानात सहसा दिसतो तो दक्षिण अमेरिकेतला सिल्व्हर अरवाना. त्याला अडचण कायद्याची नाही, जागेची आहे: तो तीन फूट होतो.

वीजबिल किती येतं?

एअर पंप ३ वॉट, फिल्टर ६ वॉट, १२ वॉटची एलईडी सात तास: दिवसाला ३०० वॉट-तास, महिन्याला ९ युनिट. पूर्वीची एक ट्यूबलाइट चोकसकट बारा तासांत एकटीच याच्या दुप्पट खायची.

आठ दिवस गावाला जायचं आहे. माशांचं काय?

काही करू नका. धडधाकट मोठे मासे आठ-दहा दिवस उपाशी आरामात राहतात. फक्त पिल्लांना रोज लागतं. निघायच्या दोन दिवस आधी पाव पाणी बदला, म्हणजे काही बिघडलंच तर तुम्ही घरात असाल. पाण्यात विरघळणारी सुट्टीची वडी टाकू नका, ती पाणी नासवते. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर खाद्याचा डबा लपवा आणि दिवसाआड एक अशा मोजून बांधलेल्या पुड्याच त्यांच्या हातात द्या. डबा दिसला की "बिचारे उपाशी आहेत" म्हणून मूठभर पडतंच.